केंद्रकातला शेजार

नववी-दहावीच्या वर्गात गुणसूत्रांचा तक्ता लावला की मुलांचा एक समज हमखास होतो. २३ जोड्या, मोठी आधी, लहान शेवटी, खाली क्रमांक. मुलांना वाटते की पेशीतही ती अशीच ओळीने उभी असतात, परिपाठाला मुले उभी राहतात तशी. तसे नसते. तो तक्ता माणसाने मांडलेला आहे. पेशी एकाची दोन होण्याच्या बेतात असते तेव्हा तेवढ्यापुरती गुणसूत्रे आखूड आणि जाड होतात. त्या क्षणी पेशीला थांबवायचे, रंग द्यायचा, फोटो काढायचा, मग फोटोतली एकेक आकृती कात्रीने कापून जोड्या जुळवायच्या आणि कागदावर डकवायच्या. हल्ली कात्रीचे काम संगणक करतो, एवढाच फरक. माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे नक्की ठरले तेही १९५६ साली, स्वीडनमधल्या लुंड येथे, जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान या दोघांच्या कामातून. त्याआधीची तीसेक वर्षे जगभरची पुस्तके ४८ सांगत होती आणि शिक्षक तेच शिकवत होते.

विभाजनात मात्र पेशीचा थोडाच वेळ जातो. बाकीचा सगळा काळ ती आपले काम करत असते. बऱ्याच पेशी तर पुन्हा कधी विभागतही नाहीत. त्या काळात ही ४६ गुणसूत्रे केंद्रकात कुठे आणि कशी बसलेली असतात? शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकून किंवा गालाच्या आतल्या पेशींवर मिथिलीन ब्ल्यू टाकून आपण जे केंद्रक मुलांना दाखवतो, तो नुसता गडद ठिपका असतो. या महिन्यात त्या ठिपक्याच्या आत जायचे आहे. विषय थोडा किचकट आहे, पण जिल्ह्यातल्याच एका बहिणीचे पत्र आले आणि तो घेणे भाग पडले. पत्राकडे पुढे येते. आधी ते घर कसे आहे ते पाहून घेऊ.

एका पेशीतला सगळा डीएनए सरळ ताणून धरला तर साधारण २ मीटर भरतो. ज्या केंद्रकात तो राहतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, पुष्कळदा त्याहूनही कमी. इतका लांब धागा इतक्या लहान डबीत म्हटल्यावर डोळ्यांपुढे पहिले चित्र येते ते ईदच्या शेवयांचे. पातेल्यात शिजून फुगलेल्या शेवयांत कोणती कुठून निघाली आणि कुठे गेली, सांगता येणार नाही. बरीच वर्षे मोठमोठ्या शास्त्रज्ञांचेही केंद्रकाबद्दल हेच मत होते. दुसरे चित्र आमच्या गावाला जवळचे आहे. विनोबाजी १९३०च्या दशकात नालवाडीत राहून सूत कातत. कातलेल्या सुताची गुंडी कशी असते हे इथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. पेटीत दाबून भरलेल्या गुंड्या एकमेकींना चिकटतात, कडेचे चारदोन धागे इकडेतिकडे होतात, पण प्रत्येक गुंडी वेगळी राहते. केंद्रकात शेवया आहेत की गुंड्या, असा तो प्रश्न होता.

पहिले उत्तर दिले ते साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या दोन माणसांनी. १८८५ मध्ये कार्ल राब्ल यांनी सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या पेशी पाहिल्या आणि म्हटले की विभाजन संपल्यावर गुणसूत्रे विरघळून जात नाहीत. ती दिसेनाशी होतात, पण आपापली जागा राखून असतात. १९०९ मध्ये थिओडोर बोव्हेरी यांनी घोड्याच्या पोटात होणाऱ्या जंताच्या अंड्यांवर काम करून हेच मांडले आणि त्या जागेला जर्मन भाषेत ‘इलाखा’ अशा अर्थाचा शब्द दिला. एका पेशीच्या दोन झाल्या की त्या दोन्ही बहिणींत गुणसूत्रांची मांडणी एकमेकींशी जुळते, दुसऱ्या अंड्यात मात्र ती वेगळी असते, हेही त्यांनी टिपून ठेवले. हाताशी काय होते? रंग, भिंग आणि स्वतः काढलेली चित्रे.

पुढे उलटेच घडले. विसाव्या शतकाच्या मध्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, कितीतरी पटींनी बारीक दिसू लागले, आणि केंद्रकाच्या आत दिसला तो करडा रवा. गुंड्यांच्या सीमा कुठेच सापडेनात. भिंतीला नाक लावून उभे राहिल्यावर वाडा दिसत नाही, तसे ते झाले. राब्ल आणि बोव्हेरी मागे पडले, शेवयांचे मत पुढे आले.

हा गुंता सोडवला जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे क्रेमर बंधूंनी, १९७०च्या दशकात. थॉमस हे वैद्यकातले, क्रिस्टोफ भौतिकशास्त्रातले. गुणसूत्र थेट बघण्याची सोय अजून नव्हती, म्हणून त्यांनी एक युक्ती केली. सूक्ष्मदर्शकातून अतिनील लेसरचा अगदी बारीक किरण हॅमस्टरच्या पेशीच्या केंद्रकात एकाच ठिकाणी मारायचा. आत शेवया असतील, तर त्या एका ठिकाणाहून पुष्कळ गुणसूत्रांचे धागे जात असणार आणि पुष्कळांना थोडी थोडी इजा होणार. गुंड्या असतील, तर एखाद-दुसऱ्या गुणसूत्राला बरीच इजा होईल आणि बाकीची सुखरूप राहतील. पेशी विभाजनाला येईपर्यंत थांबून त्यांनी इजा झालेली गुणसूत्रे मोजली. ती मोजकीच होती. मला हा प्रयोग फार आवडतो. वर्गात सांगताना मुलांना आधी दोन्ही शक्यता विचारते आणि मगच निकाल सांगते.

१९८०च्या दशकात गुणसूत्र डोळ्यांनी पाहण्याची सोय झाली. त्या पद्धतीला ‘फिश’ म्हणतात. माशाशी तिचा संबंध नाही, लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. काचपट्टीवरच्या पेशी तापवून डीएनएच्या दोन धाग्यांची एकमेकांवरची पकड सोडवायची. मग ज्या गुणसूत्राचा शोध घ्यायचा, फक्त त्याच्याशी जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे चमकणारा रंग बांधून वरून सोडायचे. तुकड्याला आपला जोडीदार सापडला की तो तिथे चिकटतो; उरलेले तुकडे धुऊन टाकायचे. हा रंग एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतो, त्यामुळे काळ्याशार पार्श्वभूमीवर तेवढे एकच गुणसूत्र हिरवे किंवा लाल उजळते. असे रंगवलेले केंद्रक पाहिले की वाद उरत नाही. एका जोडीचे दोन ढग दिसतात, वेगवेगळे, कडा असलेले. केंद्रकभर पसरलेले जाळे दिसत नाही.

त्यातही केंद्रक हे गोल, आणि भिंगाखाली दिसणारे चित्र सपाट. कलिंगडातली बी मधोमध आहे की सालीजवळ, हे वरून बघून कसे कळणार? कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक केंद्रकाचा एकेक थर वेगळा टिपतो, चाकू न लावता कलिंगडाचे काप केल्यासारखा. संगणक ते काप पुन्हा रचतो आणि गुणसूत्र मध्यापासून किती दूर, भिंतीपासून किती दूर, हे मोजता येते. एका केंद्रकावरून निष्कर्ष काढायचा नाही, पुष्कळ केंद्रके मोजायची, कारण प्रत्येक पेशीत मांडणी थोडी निराळी असते. म्हणजे ‘१८ क्रमांकाचे गुणसूत्र कडेला असते’ याचा अर्थ ‘बहुतेक वेळा कडेला सापडते’ एवढाच घ्यायचा.

प्रकाशाची एक मर्यादा मात्र आहे. अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ती गणिताने दाखवली: दोन बिंदू साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ आले की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात ते एकच दिसतात. डीएनएचा धागा तर जेमतेम २ नॅनोमीटर जाड. त्यामुळे या पद्धतीने गुंडी दिसते, सूत नाही. ही मर्यादा ओलांडण्याच्या युक्त्या शोधल्याबद्दल एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या आजच्या प्रश्नाला मात्र गुंडी दिसली तरी पुरे.

आता या घरातली वाटणी बघा. मोटामोटी नियम असा, की ज्या गुणसूत्रावर जनुके दाट असतात ते आतल्या बाजूला आणि ज्यावर विरळ असतात ते भिंतीलगत. १८ आणि १९ या शेजारच्या क्रमांकांची गुणसूत्रे आकाराने फार वेगळी नाहीत. पण १९वर जनुकांची गर्दी आहे, १८वर तुरळक वस्ती. १९९९ मध्ये एडिनबरोच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की १९ केंद्रकाच्या आत बसते आणि १८ कडेला. भिंतीजवळचा भाग बहुतांशी मिटलेला, शांत. आतला उघडा, कामात गुंतलेला. स्त्रियांच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, त्यांतले एक असेच मिटून गोळा होते आणि पुष्कळदा भिंतीला टेकून बसते. ते तर चमकणाऱ्या रंगाशिवायही दिसते. मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी युअर्ट बर्ट्रम यांना १९४९ मध्ये कॅनडात मांजरीच्या चेतापेशींत ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडले, बोक्यात नव्हते.

नियमाला अपवादही सुरेख आहे. उंदरासारख्या निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांतल्या दंडपेशींत सगळी मांडणी उलटी असते: मिटलेला भाग मधोमध, उघडा भाग कडेला. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मधला दाट गोळा लहानशा भिंगाचे काम करतो आणि रात्रीच्या अंधुक प्रकाशाला पुढे वाट देतो, असे त्या संशोधकांनी दाखवले. असे काही वाचले की सुबहानअल्लाह आपोआप तोंडी येते. मात्र प्रत्येक शोध आयतींत आधीच लिहून ठेवला होता, असे ओढूनताणून दाखवण्याची आपल्यातल्या काही लेखकांची सवय मला रुचत नाही. पाहा, विचार करा, असे सांगितले आहे. बोव्हेरींनी जंताच्या अंड्यांकडे पाहिले, तसे आपली मुलेही पाहतील तेव्हा बरे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम कुठे होते, असे विचाराल तर मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९४५ मध्ये होमी भाभांनी ही संस्था काढली ती भौतिकशास्त्र आणि गणितासाठी म्हणून आपल्याला माहीत असते. तिथे जीवशास्त्राचे रोप लावले ते ओबैद सिद्दीकी यांनी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेला हा माणूस ग्लासगोहून पीएचडी करून आला आणि भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये त्याने तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही त्यांनीच घडवले. पद्मविभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञाचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? क्रिकेटपटूंची सगळी नावे पाठ असतात.

सिद्दीकी साहेबांचा इंतकाल २०१३ मध्ये झाला. त्याच वर्षी, त्यांनी रुजवलेल्या त्या विभागातून, बी. जे. राव यांच्या गटाचा एक शोधनिबंध ‘जीनोम बायोलॉजी’ या नियतकालिकात आला. पहिले नाव ईशिता मेहता यांचे होते. त्यांचा प्रश्न असा: डीएनए तुटला तर गुणसूत्रे आपल्या जागेवर राहतात का? मानवी पेशींना त्यांनी सिस्प्लाटिन दिले. कर्करोगाच्या केमोथेरपीत वापरतात तेच हे औषध. ते डीएनएला इजा करते. मग फिश पद्धतीने गुणसूत्रे एकेक करून रंगवली आणि जागा मोजल्या. जनुकांनी दाट असलेली काही गुणसूत्रे जागा सोडून गेली होती. १७ आणि १९ आतून कडेकडे सरकली, १२ आणि १५ उलट आतल्या बाजूला आली. इजा जास्त, तर सरकणेही जास्त. पेशीला ‘धागा तुटला’ ही खबर लागू दिली नाही, तर गुणसूत्रे हलली नाहीत. आणि औषध धुऊन टाकून पेशीला दुरुस्तीची सवड दिली, तेव्हा ती पुन्हा जवळपास पूर्वीच्या जागी येऊन बसली.

गुणसूत्र म्हणजे काही लहान वस्तू नव्हे. पेशीच्या मापाने अख्खे घरच उठून दुसऱ्या मोहल्ल्यात गेले आणि काम आटोपल्यावर परत आले. जागा ठरलेली आहे, पण गोठलेली नाही, हे त्यातून दिसले. पुण्याच्या आयसरमध्ये कुंदन सेनगुप्ता यांचा गट भिंतीच्या बाजूने याच प्रश्नाकडे पाहतो. केंद्रकाच्या भिंतीला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांचे अस्तर असते. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत त्यांनी लॅमिन बी-२ कमी केले, तेव्हा पेशींत गुणसूत्रांची संख्या चुकू लागली आणि चुकलेल्या संख्येच्या गुणसूत्रांच्या जागाही ढळल्या.

आता शेजाराकडे येऊ. जागा ठरलेल्या म्हटल्या की शेजारीही आले, आणि शेजाऱ्याचे हक्क काय असतात हे या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगावे! गुणसूत्रांच्या जगात शेजाराचा एक धोका असतो. दोन धागे एकाच वेळी तुटले आणि जवळजवळ असले, तर दुरुस्त करताना पेशी एकाचे टोक दुसऱ्याला जोडून बसते. लांब असलेल्यांत हे घडणे अवघड.

सर्वांत गाजलेले उदाहरण रक्ताच्या एका कर्करोगाचे, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे. फिलाडेल्फियात १९६० मध्ये या रुग्णांच्या रक्तपेशींत एक आखूड गुणसूत्र सापडले. ते आखूड का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी शोधले: ९ आणि २२ या दोन गुणसूत्रांनी शेपट्या बदलल्या होत्या. राउलीबाई चार मुलांची आई. गुणसूत्रांचे फोटो घरी आणून जेवणाच्या टेबलावर कापत बसत आणि मुले त्यांना कागदाच्या बाहुल्यांवरून चिडवत. नंतर केंद्रकातली अंतरे मोजली गेली, तेव्हा रक्त तयार करणाऱ्या पेशींत ९ आणि २२वरच्या त्या दोन जागा अपेक्षेपेक्षा जवळ आढळल्या. निदान आजही याच पद्धतीने होते. एका जागेला लाल ठिपका, दुसऱ्या जागेला हिरवा. निरोगी पेशीत ते वेगळे दिसतात. आजारी पेशीत लाल आणि हिरवा एकमेकांवर येऊन पिवळा दिसतो. या आजारावर इमॅटिनिबची रोजची गोळी आहे. २०१३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली. बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने बंद करणे जिवावर बेतते. गोळी जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते. रमजानमध्ये काय करायचे ते आधीच डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

आता ते पत्र. बहिणीचे बाळ दीड वर्षाचे आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. गुणसूत्रांची तपासणी झाली. कागदावर लिहून आले: ४६ गुणसूत्रे, १४ आणि २१ यांच्यात रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन. घरात त्याचा अर्थ कुणाला लागला नाही, पण न्याय मात्र लागला. फुफीसास म्हणते, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही. सासूबाई म्हणतात, हिच्या माहेरच्या रक्तातच खोट आहे. दीर विचारतो, ४६ म्हणजे तर नॉर्मल, मग बाळ असे का? आणि आता नवऱ्याच्या दुसऱ्या निकाहाची भाषा सुरू झाली आहे.

आधी दिराचा प्रश्न घेते, कारण तो खरा प्रश्न आहे. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचे गुणसूत्र तिप्पट असते. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये हे कळले. शंभरातल्या साधारण ९५ बाळांत तिसरे २१ सुटे असते आणि एकूण ४७ भरतात. नववीच्या पुस्तकात तेवढेच आहे. पण तीन-चार बाळांत ते तिसरे २१ दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा १४ला, चिकटलेले असते. दोन मिळून एक मोजले जाते, म्हणून आकडा ४६ येतो. माल तिप्पटच आहे, पोती मात्र एक कमी.

चिकटते ते १४लाच का? इथे आपण पाहिलेले घर उपयोगी पडते. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांची एक बाजू अगदी आखूड असते. त्या आखूड टोकावर एकाच प्रकारची जनुके असतात आणि त्यांच्यापासूनच केंद्रकाच्या आतली गोल केंद्रकी बनते. त्यामुळे ही पाचही गुणसूत्रे त्या केंद्रकीभोवती टोके आत करून गोळा होतात, शेकोटीभोवती माणसे बसतात तशी. रात्रंदिवस टोकाला टोक. शिवाय त्या टोकांवरचा मजकूरही एकमेकांसारखा. शेजार आणि सारखेपणा ही दोन्ही कारणे एकत्र आली की जोडणीत गफलत होण्याची संधी वाढते. अशी जोडणी विल्यम रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये नाकतोड्यांत वर्णन केली, म्हणून तिला त्यांचे नाव. माणसांत ही जोडणी साधारण हजारात एकाकडे असते. त्याच्याकडे ४५ गुणसूत्रे असतात आणि तो ठणठणीत असतो, कारण त्याचा माल पुरता आहे. गळालेल्या आखूड टोकांची भरपाई उरलेली टोके करतात. हा लेख वाचणाऱ्यांतही असे कुणी असेल. वारंवार गर्भपात झाले किंवा असे बाळ झाले तरच ते कळते.

म्हणून बहीण, तुमच्या घरात पुढची पायरी एकच: तुमची आणि तुमच्या पतीची, दोघांचीही गुणसूत्र तपासणी. दोघांचीही. थोडेसे रक्त लागते. त्या रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून विभाजनाला आणाव्या लागतात, म्हणून कागद हाती यायला वेळ लागतो. बहुतेक घरांत दोघांचेही कागद साधे निघतात, म्हणजे जोडणी या बाळाच्या वेळीच पहिल्यांदा घडली. मग पुढच्या बाळाला धोका फारसा नसतो. दोघांपैकी एकात जोडणी सापडली, तर ती आईत असू शकते तशीच बापातही. १४-२१ची जोडणी आईत असेल तर पुढचे बाळ असे होण्याची शक्यता शंभरात १० ते १५, बापात असेल तर बरीच कमी. २१ला २१च जोडलेले असेल तर गोष्ट निराळी, पण तुमच्या कागदावर तसे नाही. पुढच्या वेळी गर्भजलाची तपासणी करता येते. त्या तपासणीनंतर काय करायचे, हा तुमचा दोघांचा, डॉक्टरांचा आणि आलिमांच्या सल्ल्याचा विषय आहे. या सदरात मी त्यावर बोलणार नाही.

ग्रहणाचा या कशाशी संबंध नाही. स्त्रीच्या अंडपेशींची सुरुवात ती स्वतः आईच्या पोटात असताना झालेली असते. दोन गुणसूत्रांची टोके केंद्रकीभोवती कधी जुळली, हे तिने विळी हातात घेतली की नाही यावर ठरत नाही. मामेबहीण-आतेभावाच्या लग्नामुळे झाले का, असेही तुम्ही विचारले आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांत जवळच्या नात्यातले लग्न धोका वाढवते, कारण तिथे दोन्हीकडून तोच दोष यावा लागतो. इथे तसे नाही. आणि जोडणी तुमच्यातच सापडली, तरी तो दोष नव्हे. ती घेऊन तुम्ही निरोगी वाढलात. नवऱ्याच्या रक्तगटाचा जेवढा गुन्हा, तेवढाच हा.

बाळाचे हृदय तपासून घेतले नसेल तर या आठवड्यात घ्या. अशा बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो आणि वेळेवर कळला तर उपचार होतो. थायरॉइडही तपासावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम समाविष्ट आहे. अंगणवाडीताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा, बोलणे-चालणे लवकर शिकवण्याची सोय त्यातून होते. सेवाग्रामच्या रुग्णालयात बालरोग विभागात कागद दाखवा. तुम्हा दोघांची तपासणी कुठे करायची ते तिथले डॉक्टर सांगतील. तपासणीला जाताना सासूबाईंनाही सोबत न्या. शक्य असेल तर डॉक्टरांना सांगा, गुणसूत्रांचा तो फोटो त्यांना पडद्यावर दाखवा, १४च्या डोक्यावर बसलेले २१ बोट ठेवून दाखवा. आणि कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना उर्दूत वाचायचे असेल, तर कागदाची प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी साध्या उर्दूत लिहून परत पाठवते.